वाचक विचारतात : मीमर, मीमलॉर्ड आणि मीमचोर

प्रश्न : मी सांगलीचा पाऊस, भडंग, कॉलेज यांवर मीम करून इन्स्टाग्रामवर टाकते. कुणी मला मीमर म्हणतं, कुणी मीमलॉर्ड. एकानं शिटपोस्टर म्हटलं. वाईट वाटून घ्यावं का? शिवाय माझेच मीम नाव कापून, अक्षरं फुटलेल्या अवस्थेत व्हॉट्सअ‍ॅपवर परत येतात.
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : मीम बनवतो तो मीमर. मीमलॉर्ड म्हणजे त्यातला उस्ताद. कौतुकानंही म्हणतात, चिडवायलाही, तेव्हा मागचंपुढचं बोलणं पाहून ठरवा. शिटपोस्टर मुद्दाम ओबडधोबड, निरर्थक पोस्टांचा मारा करतो. काही जण हौसेनं स्वतःला तसं म्हणवतात, पण ओळ घासूनपुसून लिहिणाऱ्याला तो शब्द लागू नाही. राग यावा तो नाव कापणाऱ्यांचा. रिपोस्टर, म्हणजे दुसऱ्याची पोस्ट परत टाकणारा, हा शब्द त्यांना फार सौम्य आहे, मीमचोरच म्हणा. टेम्प्लेट, म्हणजे मीमचं मूळ चित्र, सगळ्यांचं असलं तरी त्यावरची ओळ ज्याला सुचली त्याचीच.

नाव कोपऱ्यात टाकलंत की एका क्रॉपमध्ये जातं. ते मजकुराला खेटून, फिकट रंगात टाका. कापायला गेलं तर विनोदही कापला जाईल.

अक्षरं फुटतात ती जेपीईजी या चित्रफाइलच्या प्रकारामुळे. फाइल लहान करताना हा प्रकार ठळक कडांजवळचे बारकावे उडवतो. स्क्रीनशॉट काढून पुन्हा चढवला की तेच पुन्हा घडतं, आणि मराठीत पहिला बळी अनुस्वार आणि रफाराचा. म्हणून 1080 बाय 1350 पिक्सेलचं चित्र घ्या, मूळ प्रत बारकावे न उडवणाऱ्या पीएनजी प्रकारात ठेवा, व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फाँट मुक्ता किंवा बालू, ठळक वजनाचा. पांढऱ्या अक्षरांना काळी कड देताना ती अक्षराच्या मागे बसवा. नाहीतर जिथं अक्षरं जुळतात तिथं शिरोरेषेवर काळे काप दिसतात. ते जमत नसेल तर वर पांढरी पट्टी घेऊन काळ्यात लिहा, मराठीला तेच जास्त शोभतं.

प्रश्न : पुरावरचे मीम करावेत का?
— एक वाचक, कराड

उत्तर : करा, पण 2019 च्या पुराचा फोटो आजचा म्हणून वापरू नका. पाण्याच्या पातळीचा आकडा टाकलात तर खरा टाका : सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी 40 फूट, धोका पातळी 45 फूट. मीममधला खोटा आकडा फॉरवर्ड होत जातो, विनोद मागे गळतो आणि नदीकाठची माणसं घाबरून सामान हलवायला लागतात. फोटोवरच साल लिहा, मोठ्या अक्षरांत.