कोठा जड की बद्धकोष्ठ?

गुहागरहून विचारणा आली आहे : घरात आजी 'कोठा जड आहे' म्हणतात, डॉक्टर 'बद्धकोष्ठता' म्हणतात, दोन्ही एकच का? आणि इसबगोल सारक की रेचक?

एकच नव्हेत, पण नातं जवळचं. संस्कृत 'कोष्ठ' म्हणजे आतली पोकळी, साठवणीची जागा. पोटही आणि धान्याची जागाही. कोठा, कोठी, कोठार ही त्याच घरची. ज्याचा कोठा बांधला गेला तो बद्धकोष्ठ, म्हणून त्या अवस्थेला बद्धकोष्ठता. 'बद्धकोष्ठाचा त्रास' असंही आपण सर्रास म्हणतो, आणि त्यात काही वावगं नाही.

'जड कोठा' मात्र बहुधा माणसाची प्रकृती सांगतो. आयुर्वेदात कोठा मृदू, मध्य किंवा क्रूर. कुणाला नुसत्या दुधानं होतं, कुणी एरंडेलालाही दाद देत नाही. आजींचा जड कोठा हा दुसऱ्या टोकाचा. बद्धकोष्ठ तर हलक्या कोठ्याच्या माणसालाही होतं. गणपतीला गावी येणारा चाकरमानी बघा : रात्रभर गाडीत अवघडलेला, पाणी बेताचं, गर्दीत शौचाचा वेग दाबून धरलेला. मल मोठ्या आतड्यात जितका रेंगाळेल तितकं त्यातलं पाणी शोषलं जातं, मग खडा होतो आणि कुंथणं आलं.

आता सारक आणि रेचक. 'सारक' सृ धातूपासून, म्हणजे पुढे सरकवणारं. 'रेचक' रिच् पासून, म्हणजे रिकामं करणारं. 'रिक्त' त्यातलाच, आणि प्राणायामातला श्वास सोडण्याचा रेचकही. इसबगोल पाणी धरून फुगतं, मल मऊ नि भरीव करतं, म्हणून सारक. पाणी भरपूर न पिता ते घेतलं तर उलट अडतं, हे दुकानदार सांगत नाही. सोनामुखी, एरंडेल हे आतड्याला चाळवतात, ते रेचक. नाचणीची भाकरी, पिकलेली केळी, पालेभाजी सारक म्हणायला हरकत नाही. नुसत्या पांढऱ्या भातात चोथा फारसा नसतो.

'जुलाब' हा फारसी गुलाबपाण्याचा अरबीतून आलेला वंशज. मराठीत घेतला तर औषध, झाले तर आजार!

डॉक्टरकडे गेल्यावर मात्र आजींनी 'कोठा जड' म्हणून थांबू नये. 'चार दिवस परसाकडेस झालं नाही, खडा होतो' असं सांगावं. आठवड्यातून तीनदापेक्षा कमी होणं हे डॉक्टरांचं ढोबळ माप आहे. लोहाच्या गोळ्या किंवा थायरॉइडचा त्रास असेल तर तेही बोलावं, कारण त्यांनीही मल अडतो. रक्त पडत असेल, वजन उतरत असेल, किंवा पोट फुगून उलट्या होत असतील, तर घरचं एरंडेल काढूच नये, थेट दवाखाना गाठावा.