एकाच नावाचे तीन पूर्वज, वेगळे कसे करायचे?

प्रश्न: तीन वर्षं झाली वंशावळ करतोय. पणजोबांना त्यांच्या आजोबांचंच नाव ठेवलेलं, आणि एक चुलत भाऊ पण त्याच नावाचा. लग्नाची नोंद, जमिनीचा कागद, सगळीकडे तेच नाव. आता माझ्या तक्त्यात एकाच माणसाला दोन बायका आहेत आणि पहिल्या कागदापासून शेवटच्यापर्यंत ११८ वर्षं भरतायत. सुरुवात कुठून करू?

उत्तर: ११८ वर दचकलात ते बरं झालं, बरेच जण दचकतच नाहीत आणि भलत्याच माणसाचे आईवडील आपले म्हणून पुढे जोडत जातात. मी म्हणेन आधी तो तक्ता बाजूला ठेवा. एक साधी एक्सेल शीट घ्या, प्रत्येक कागदाला एक ओळ, तारीख, ठिकाण, वय, वडिलांचं नाव, बायको, धंदा, साक्षीदार, शेजारी, सही की अंगठा, आणि हा कुठला ते अजिबात ठरवू नका. माझ्या मते सगळ्यात कामाचा रकाना साक्षीदार-शेजाऱ्यांचा, कारण नाव तिघांचं एक असलं तरी भोवतालची माणसं एक नसतात, तेच दोन साक्षीदार तीन कागदांवर दिसले की ते कागद बहुतेक एकाच माणसाचे. सहीचं पण तसंच, एक झोकात सही करतो आणि दुसरा आयुष्यभर अंगठा देतो.

वयावर मात्र फार भिस्त नको. १८४१ च्या ब्रिटिश जनगणनेत १५ च्या वरच्यांचं वय पाचाच्या पटीत खाली आणून लिहायची सूचना होती, म्हणजे ३९ चा माणूस कागदावर ३५ चा. आणि जुन्या इंग्रजी कागदात नावापुढे सीनियर-ज्युनियर दिसलं तर लगेच बाप-लेक धरू नका, काका-पुतणे असतात, कधी एका गावातले दोघं परके असतात, आणि थोरला वारला की धाकटाच सीनियर होतो.

हे फक्त तुमच्याच घरात झालंय असं नाही. संगीतकार योहान सेबास्टियन बाख यांच्या वडिलांचा जुळा भाऊ योहान क्रिस्टोफ, वडिलांचा चुलत भाऊ योहान क्रिस्टोफ आणि सख्खा मोठा भाऊही योहान क्रिस्टोफ, वर तिघंही संगीतातलेच, म्हणजे धंद्याचा रकानाही उपयोगाचा नाही! तिथे वेगळं करायला गावं कामाला येतात, त्याच क्रमाने आर्नश्टाट, आयझेनाख आणि ओरड्रुफ.

अजून एक, गेलेल्या मुलाचं नाव पुढच्याला ठेवलेलं असू शकतं. चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉग ३० मार्च १८५३ चे, आणि बरोबर एक वर्ष आधी त्याच तारखेला त्यांचा भाऊ मृत जन्मला होता, त्याचंही नाव व्हिन्सेंट. म्हणून जन्माची नोंद मिळाली की त्याच नावाची मृत्यूची नोंद पुढच्या काही वर्षांत आहे का ते बघायचंच.

प्रश्न: डीएनए टेस्टने सुटेल का?

उत्तर: वाय क्रोमोसोमच्या टेस्टने नाही. तो बापाकडून मुलाकडे जवळपास जसाच्या तसा जातो, त्यामुळे आजोबा, नातू आणि एकाच आजोबांच्या मुलांची मुलं असलेले चुलत भाऊ, सगळ्यांचा सारखाच येणार. दुसरी टेस्ट असते, ऑटोसोमल, म्हणजे आई आणि वडील दोघांकडून आलेला डीएनए बघणारी, पणजोबांचा साधारण आठवा हिस्सा आपल्यात असतो तो तिच्यात दिसतो, पण तिघं एकाच घराण्यातले, म्हणून खरा उपयोग बायकांच्या बाजूने होतो. तुमच्या तक्त्यातल्या त्या दोन बायकांपैकी कुणाच्या माहेरच्या लोकांशी तुमचं जुळतं ते बघा, त्यावरून आपला माणूस कुठला ते कळायची बरीच शक्यता आहे.