थिअरीवाल्या ग्रुपमध्ये लॅब नसते, मग दिवसभर करतात काय?

तुम्ही विचारलंय, 'कोल्हापुरात बी.एस्सी. फिजिक्सला आहे. कंडेन्स्ड मॅटरच्या (घन-द्रव पदार्थांच्या भौतिकशास्त्राच्या) थिअरी ग्रुपमध्ये उपकरणंच नसतात, मग ही माणसं दिवसभर करतात काय?' माझ्या मामांची शिरोलीत फौंड्री आहे. मी पीएचडीला लागलो तेव्हा तेही म्हणाले होते, 'भट्टी न पेटवता धातूचं काय शिकणार रे तू?'

जोतिबाच्या चैत्र यात्रेतली सासनकाठी पाहिली असेलच. काठी पेलणारा एक, पण चारी बाजूंनी दोऱ्या ताणणारे आणि भोवतीची गर्दी धरल्याशिवाय ती कशी हलेल हे सांगता येत नाही. घन पदार्थात इलेक्ट्रॉनचं तेच. भोवतालच्यांना ओढत चालतो म्हणून जड भासतो. सिरियमच्या काही संयुगांत तर मोकळ्या इलेक्ट्रॉनच्या शेकडो पट जड. एकट्याचे नियम पाठ असूनही गर्दीचं वागणं हाती लागत नाही, त्यावर आमचं पोट चालतं.

काम सुरू होतं ते काय टाकून द्यायचं हे ठरवण्यापासून. अख्खा स्फटिक सोडून फक्त स्पिन, म्हणजे बारके चुंबक, कड्यात मांडायचे; शेजाऱ्याच्या उलट राहायची त्यांची ओढ तेवढी ठेवायची. फळ्यावर हे दहा मिनिटांत होतं. सोडवताना मात्र प्रत्येक स्पिन वर किंवा खाली, म्हणून दर स्पिनामागे अवस्था, म्हणजे शक्य मांडण्या, दुप्पट होतात आणि प्रत्येकीला एक आकडा लागतो. ४० स्पिनांना सुमारे १.१ लाख कोटी आकडे, आकड्याला ८ बाइट धरले तर जवळपास ९ टेराबाइट. म्हणून सममिती वापरून पसारा कमी करायचा, नाहीतर स्टीव्हन व्हाइट यांची १९९२ची डीएमआरजी पद्धत, म्हणजे महत्त्वाच्या तेवढ्या अवस्था ठेवून बाकीच्या गाळण्याची, धरायची.

आणि बराचसा वेळ जातो स्वतःचीच चूक शोधण्यात. पहिल्या वर्षी मी १५ स्पिनांचं कडं सोडवलं. तळाच्या, म्हणजे सगळ्यात कमी ऊर्जेला एक सोडून चार अवस्था! नवीन काहीतरी सापडलं म्हणून रात्रभर झोप नाही. सकाळी सीनिअर ताईंनी चहा पिता पिता एवढंच विचारलं, 'किती घेतलेस? सोळा घे.' घेतले, तर एकच उरली. विषम कड्यात वर-खाली, वर-खाली करत शेवटाला दोन सारखे शेजारी येतातच. माझा शोध तेवढाच होता. तेव्हापासून कोड लिहिला की आधी भौतिकशास्त्रज्ञ हान्स बेथे यांच्या अशाच साखळीच्या १९३१च्या अचूक उत्तराशी ताडून बघतो. लांबलचक साखळीत दर स्पिनामागे ऊर्जा (शेजाऱ्यांमधल्या ओढीची ताकद १ धरून) −०.४४३ च्या आसपास आली नाही, तर पुढं जायचं नाही.

प्रवेशासाठी जेस्ट, नेट वगैरे परीक्षा आहेत, त्याची माहिती कुठंही मिळेल. त्याआधी वही घेऊन तीन स्पिनांचं कडं हातानं सोडवा, एकूण आठच अवस्था आहेत. मग चारांचं. तीनाला तळाशी चार अवस्था आणि चाराला एकच, असं निघालं आणि ते का हे खोदत जेवण विसरलात, तर मला मेसेज टाका.