शहरातला बाक कोणासाठी घडवायचा?

रस्ते, चौक आणि उद्याने यांच्यासाठी बाक, दिवे, निवारे घडवणाऱ्या डिझायनरचे रोजचे काम नेमके काय असते, त्यामागे काही विचार असतो का आणि या व्यवसायात यायचे तर काय शिकावे, असे आपण विचारले आहे. हेच माझे काम असल्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

घरातली खुर्ची ज्याला वापरायची असते, तोच ती निवडतो. रस्त्यावरचा बाक निवडतो पालिकेतला अधिकारी, बसवतो कंत्राटदार, पुसतो आणि रंगवतो देखभालीचा कामगार. आणि जो त्यावर बसणार आहे, त्याला या तिघांपैकी कोणीही काही विचारलेले नसते. ज्याला निवडीचा अधिकार नाही त्याच्या वतीने निवड करणे हा माझ्या व्यवसायाचा गाभा आहे असे मी मानतो, आणि माझे बाकीचे सगळे आग्रह यातूनच आले आहेत.

न विचारलेल्या या माणसांपैकी जो सर्वांत थकलेला असेल, त्याला समोर ठेवून मी आरेखनाला सुरुवात करतो. बैठकीची उंची साधारण ४५ सेंटिमीटर असावी, हे कोणत्याही पुस्तकात सापडते. पण छायाचित्रात सुंदर दिसतात म्हणून हल्ली ३५–३८ सेंटिमीटर उंचीचे आणि बरेच खोल बाक पुष्कळ ठिकाणी बसवले जातात, आणि गुडघे दुखणारा माणूस त्यांवर एकदा बसला की त्याला उठताना दुसऱ्याचा हात शोधावा लागतो. बाकाचा हात हा कोपर टेकण्यासाठी असतो असा समज आहे. त्याचे खरे काम उठताना पडते, म्हणून तो बैठकीच्या पुढच्या कडेपर्यंत यायला हवा, म्हणजे तळहात टेकवून शरीराचा भार त्यावर देता येतो. उठताना माणूस पावले मागे, बैठकीच्या खाली घेतो. त्यासाठी पुढच्या कडेखाली मोकळी जागा लागते. काँक्रीटचा भरीव ठोकळा म्हणजे बाक असे मानणाऱ्यांच्या ध्यानात हे येत नाही. चाकाच्या खुर्चीतून येणाऱ्या माणसासाठी बाकाच्या शेजारी सपाट, टणक जमीन मोकळी ठेवावी, म्हणजे त्याला आपल्या सोबत्याच्या बरोबरीने, त्याच ओळीत थांबता येते. असे बाक एकमेकांपासून किती अंतरावर असावेत, हाही आरेखनाचाच भाग आहे. वर्दळीच्या पादचारी भागात दर ५० मीटरच्या आत बसायला जागा असावी, असे ब्रिटनमधील सुगम्यतेविषयीच्या सरकारी मार्गदर्शिकेत सांगितले आहे, आणि मी तो आकडा शक्य तिथे धरून चालतो. कारण ज्याला शंभर पावलांनंतर टेकावे लागते, त्याच्या दृष्टीने पुढचा बाक दिसत नसेल तर तो रस्ता बंदच असतो.

कामाचा मोठा भाग नुसते पाहण्यात जातो. या बाबतीत आम्हा सर्वांवर शहरी जीवनाचे अमेरिकी अभ्यासक विल्यम व्हाइट यांचे ऋण आहे. त्यांनी १९७० च्या दशकात न्यूयॉर्कमधील इमारतींसमोरच्या मोकळ्या चौकांवर कॅमेरे लावून लोक कुठे थांबतात, कुठे बसतात याचे धीराने निरीक्षण केले. लोक जिथे बसायला जागा असते तिथे बसतात, हा त्यांचा निष्कर्ष ऐकायला अगदी साधा वाटतो. पण त्या काळच्या अनेक नव्या चौकांत संगमरवर होता, कारंजी होती आणि बसण्याजोगी जागा मात्र नव्हती. १९७५ मध्ये त्या शहराने आपल्या नियमांत बदल करून अशा चौकांत दर ३० चौरस फुटांमागे १ फूट लांबीची बैठक बंधनकारक केली, आणि त्यामागे व्हाइट यांच्या कामाचा मोठा वाटा होता. त्यांचे मला सर्वांत प्रिय असलेले निरीक्षण हलवता येणाऱ्या खुर्च्यांविषयीचे आहे: माणूस बसण्यापूर्वी खुर्ची थोडीशी सरकवतो, पुष्कळदा ती पुन्हा जवळजवळ पूर्वीच्याच जागी येते, आणि तरीही तो सरकवतोच. त्या क्षणापुरती ती जागा त्याची झालेली असते. न्यूयॉर्कमधील ब्रायंट पार्क हे उद्यान १९९२ मध्ये पुन्हा खुले झाले तेव्हा तिथे अशाच सुट्या खुर्च्या ठेवल्या गेल्या आणि त्या आजही वापरात आहेत.

जमिनीला बोल्टने जखडलेल्या बाकात हे स्वातंत्र्य देता येत नाही, म्हणून तो कुठे आणि कोणत्या दिशेला तोंड करून ठेवायचा, हे फार विचारपूर्वक ठरवावे लागते. नव्या जागेवर मी सकाळी, भर दुपारी आणि दिवेलागणीनंतर अशा वेगवेगळ्या वेळी जाऊन बसतो. सावली कुठून कुठे सरकते, लोक कोणत्या भिंतीला टेकतात, कोणत्या कठड्यावर पिशवी ठेवतात, हे टिपून घेतो. बहुतेक माणसांना पाठीमागे काहीतरी आधाराचे आणि समोर हालचाल हवी असते. मोकळ्या पटांगणाच्या मधोमध ठेवलेला बाक त्यामुळेच रिकामा राहतो. पॅरिसमध्ये १९ व्या शतकाच्या मध्यावर वास्तुकार गाब्रिएल दाव्यू यांनी बिडाच्या पायांचा, एकाच पाठीला दोन्ही बाजूंनी बैठक असलेला बाक आखला. वाहता रस्ता पाहायचा की दुकानांची बाजू, ही निवड त्यांनी बसणाऱ्यावर सोपवली, आणि तेही एकाच वस्तूत.

आता साहित्याविषयी, कारण माझे सर्वांत जास्त तास तिथे खर्च होतात. बाहेर ठेवलेल्या वस्तूचा खरा शत्रू पाणी आहे. मोडतोड करणारे हात नंतर येतात. लाकडी पट्टी बहुधा मधून नव्हे, टोकाकडून कुजू लागते, कारण कापलेल्या टोकातले उघडे तंतू पाणी शोषून घेतात. म्हणून टोके बंद करावी लागतात किंवा पाणी थांबणार नाही अशी झुकवावी लागतात. दोन पट्ट्यांमधली फट पाणी आणि पाचोळा खाली पडेल एवढी हवी, पण लहान मुलाचे बोट अडकेल एवढी नको. लोखंडाला जस्ताचा मुलामा देताना तो भाग सुमारे ४५० अंश सेल्सिअसच्या वितळलेल्या जस्तात बुडवतात, आणि मग कोणी जागेवर बसवताना त्याला एक जास्तीचे भोक पाडले, की गंज नेमका त्या भोकापासून सुरू होतो. म्हणूनच सगळी भोके मुलाम्याच्या आधी पाडली जावीत, हे आरेखनावर ठळकपणे लिहावे लागते. समुद्राजवळ ३०४ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलवर तांबूस डाग पडतात. तिथे मॉलिब्डेनम हा धातू मिसळलेले ३१६ दर्जाचे वापरावे लागते. ॲल्युमिनियमच्या अंगात स्टीलचा बोल्ट थेट बसवला आणि मध्ये पाणी साचले, तर ॲल्युमिनियम झिजू लागते, म्हणून दोघांच्या मध्ये प्लास्टिकची चकती घालावी लागते. या गोष्टी चमकदार नाहीत, पण बाक पाच वर्षे टिकणार की तीस, हे त्याच ठरवतात.

आणि कितीही काळजी घेतली तरी काहीतरी तुटणारच, त्यामुळे दुरुस्ती कशी होईल याचा विचार आरेखनातच व्हायला हवा. एक पट्टी मोडली तर तेवढीच काढता यावी, तिच्यासाठी बाजारात सहज मिळणाऱ्या रुंदी-जाडीचे लाकूड वापरलेले असावे, आणि ते काम एका कामगाराला साध्या पान्याने करता यावे, ही माझी कसोटी आहे. स्पॅनिश डिझायनर मिगेल मिला यांनी १९९५ मध्ये आखलेला ‘निओरोमँटिको’ हा बाक मी त्यासाठीच पुनःपुन्हा पाहतो: ओतीव ॲल्युमिनियमचे पाय, लाकडी पट्ट्या, पाठीला आणि मांडीला जुळणारे वळण, आणि याहून काढून टाकण्यासारखे त्यात काही उरलेले नाही. तो बाक पाहणारा ‘हे कोणी केले?’ असे विचारत नाही, बसून घेतो. या क्षेत्रात याहून मोठी शाबासकी मला माहीत नाही.

आपण रोजच्या दिनक्रमाविषयीही विचारले आहे. प्रत्यक्ष चित्र काढण्याचे काम त्यात कमीच असते. प्लायवूडचा पूर्ण मापाचा नमुना करून त्यावर वेगवेगळ्या उंचीची माणसे बसवून पाहणे, ओतकामाच्या कारखान्यात साच्याच्या कडा सुटताना तुटणार नाहीत ना हे पाहणे, जमिनीखालच्या केबल आणि नळ टाळून पाया कुठे घेता येईल हे शोधणे, आणि निविदेची कागदपत्रे लिहिणे, यात आठवडे जातात. या कागदपत्रांना तरुण सहकारी कंटाळतात, पण वस्तूचे भवितव्य तिथेच ठरते. निविदेत ‘किंवा समतुल्य’ एवढे दोन शब्द मोघमपणे राहिले, की सर्वांत कमी बोली लावणारा पत्र्याची जाडी कमी करतो, मुलाम्याऐवजी नुसता रंग देतो, आणि कागदावर तो बाक माझाच राहतो. म्हणून समतुल्य म्हणजे काय हे मी जाडी, मुलाम्याचा थर, लाकडाचा दर्जा आणि वजन पेलण्याची चाचणी यांसह शब्दांत बांधून घालतो.

अधिकाऱ्यांशी माझा सर्वांत तीव्र मतभेद होतो तो लोकांनी बसू नये, झोपू नये म्हणून केलेल्या रचनांवरून. लंडनच्या कॅम्डन भागासाठी २०१२ मध्ये आणलेला काँक्रीटचा बाक याचे प्रसिद्ध उदाहरण आहे: त्याचे सगळे पृष्ठभाग असे तिरके केलेले आहेत की त्यावर आडवे होता येत नाही, स्केटबोर्ड चालत नाही, काही लपवता येत नाही. कारागिरी म्हणून ती वस्तू अतिशय हुशारीने केलेली आहे आणि मला ती मान्य नाही. ज्या बाकावर निराधार माणूस आडवा होऊ शकत नाही, त्यावर चक्कर आलेल्या माणसालाही निजवता येत नाही, आणि नीट बसणाऱ्यालाही थोड्याच वेळात निघावेसे वाटते. अधिकाऱ्यांच्या तक्रारी खोट्या असतात असे मी म्हणत नाही. पण रात्री झोपायला छप्पर नसणे हा प्रश्न बाकाच्या मधोमध लोखंडी दांडा बसवून सुटत नाही, तो माणूस फक्त पुढच्या दारात जातो. वृद्धांना उठायला आधार हवा म्हणून मीही मध्ये हात देतो, मात्र तो बाकाच्या एका टोकापासून एक-तृतीयांश अंतरावर, म्हणजे आधारही मिळतो आणि एक लांब भाग मोकळाही राहतो. जमिनीवर खिळे किंवा सुळके आखण्याचे काम मी घेत नाही, आणि तशी मागणी आली की नकार लेखी देतो.

बसथांब्यांचे दुखणे वेगळे आहे. उद्योजक जाँ-क्लोद देको यांनी १९६४ मध्ये फ्रान्समधील ल्यों शहरात अशी व्यवस्था उभी केली, की निवारा आणि त्याची देखभाल कंपनीने करायची आणि मोबदल्यात जाहिरातीची जागा घ्यायची. शहराला खर्च न पडता निवारा मिळाला, ही मोठी गोष्ट होती, आणि ती पद्धत जगभर पसरली. पण जाहिरातीचे पैसे येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या नजरेवर अवलंबून असतात, आणि जाहिरातीचा फलक जर बस येते त्या बाजूला उभा केला, तर आत बसलेल्याला येणारी बस दिसत नाही आणि तो उठून उन्हापावसात उभा राहतो. असे काम आले की फलक दुसऱ्या बाजूला हलवावा किंवा ती बाजू पारदर्शक ठेवावी, या एका मुद्द्यावर मी अडून बसतो.

सौंदर्याचे काय, असेही आपल्या मनात येईल. पॅरिसमध्ये १८७२ मध्ये रिचर्ड वॉलेस यांनी पिण्याच्या पाण्याची कारंजी स्वखर्चाने दिली आणि शिल्पकार शार्ल-ओग्युस्त लबूर यांनी ती घडवली. वॉलेस यांच्या अटी अशा होत्या: ती लांबून दिसावीत पण परिसराचा मेळ बिघडवू नयेत, वापरायला सोयीची असावीत, अनेक उभारता येतील एवढी परवडावीत, आणि टिकाऊ व निगा राखायला सोपी असावीत. ओतीव लोखंडाची, चार स्त्रीमूर्तींनी घुमट पेललेली ती कारंजी अटींच्या या चौकटीत राहूनही देखणी झाली, आणि माझ्या हाती आजही तेवढीच अटींची यादी दिली तर मी आनंदाने काम सुरू करीन. मी स्वतः अलंकरण टाळतो, कारण पदपथावर आधीच खांब, पेट्या, पाट्या आणि खुंट यांची दाटी असते. कधीकधी सर्वांत चांगली सूचना दिवा, पाटी आणि कचरापेटी एकाच खांबावर आणण्याची किंवा नवे काहीच न बसवण्याची असते. खांबाला लटकवलेली पेटी पांढऱ्या काठीला खालून लागत नाही आणि अंध माणसाच्या थेट छातीला लागते, म्हणून अशा वस्तूचा आकार जमिनीपर्यंत उतरवणे मी कोणत्याही नक्षीपेक्षा महत्त्वाचे मानतो.

या क्षेत्रात यायचे असेल तर वास्तुरचना, औद्योगिक डिझाइन किंवा भूदृश्यरचना यांपैकी कोणतेही शिक्षण चालते. त्याला जोडून वेल्डिंग आणि सुतारकाम हाताने करून पाहावे, एखाद्या ओतशाळेत काही काळ घालवावा, आणि पालिकेच्या देखभाल पथकाबरोबर फिरण्याची परवानगी मिळवावी. काय तुटते आणि का तुटते हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. काम मुख्यतः तीन ठिकाणी मिळते: फर्निचर बनवणाऱ्या कंपन्या, भूदृश्यरचनाकारांची कार्यालये आणि पालिकांचे नगररचना विभाग. पहिली नोकरी शक्यतो कारखाना स्वतःच्या आवारात असलेल्या कंपनीत घ्यावी, कारण तिथे सकाळी काढलेले आरेखन घेऊन ओतारी संध्याकाळपर्यंत प्रश्न विचारायला आलेला असतो.