मारखा व्हॅलीसाठी दहा दिवस पुरतील का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: कराडचे चार मित्र, वय तीस ते बावन्न, सह्याद्रीत भरपूर फिरलेले. ऑगस्टमध्ये दहा दिवसांची रजा. पुणे-दिल्ली-लेह विमानाने जाऊन लडाखमधल्या मारखा व्हॅलीचा ट्रेक करायचा की झंस्कारमधला दारचा-पदुम? आणि तयारी काय करायची?

मी साताऱ्याचा. मारखाला दोनदा गेलोय, पण शेवटची कोंगमारू ला ही खिंड एकदाच ओलांडलीय. पहिल्या वेळी काय झालं ते सांगतो, तुमच्या निम्म्या प्रश्नांचं उत्तर त्यातच आहे. त्याआधी झंस्कारचा विषय मिटवून टाकू.

दारचा-पदुमची जी जुनी वर्णनं वाचून मन भरतं ना, ती वाट आता तशी राहिलेली नाही. शिंगो ला, म्हणजे साधारण ५०९० मीटरवरची खिंड, पूर्वी लोक आठ-नऊ दिवसांच्या चालीत ओलांडायचे. आता निम्मू-पदुम-दारचा रस्ता झालाय, गाड्या खिंडीवरून जातात, आणि २०२४ पासून खाली बोगद्याचंही काम सुरू आहे. झंस्कारच्या लोकांचा हिवाळा त्यामुळे सुसह्य होणार, त्याबद्दल तक्रार नाही. पण तुम्ही पाठीवर बॅग घेऊन डंपरची धूळ खात चालणार असाल तर मजा नाही. फुगताल गोम्पा, म्हणजे तिथला बौद्ध मठ, मात्र अजून पायीच गाठावा लागतो. तेवढ्यासाठी पुन्हा कधीतरी गाडीने पदुमकडं जा. या वेळी मारखाच करा.

ऑगस्ट महिना चांगला निवडलात. आपल्याकडं तेव्हा झड लागलेली असते, म्हणून घरचे विचारतात, "पावसाळ्यात हिमालयात कशाला?" त्यांना आपल्याच जिल्ह्याचं उदाहरण द्या. महाबळेश्वरला ढग रिते होतात आणि दहिवडी-म्हसवडच्या वाट्याला नुसता वारा येतो. लडाख म्हणजे हिमालयाच्या पाठीमागचा माणदेश. लेहला वर्षाला जेमतेम शंभर मिलिमीटरच्या आसपास पाऊस. अर्थात माणदेशातही कधीतरी ओढा फुटतोच. ५ ऑगस्ट २०१० च्या रात्री लेहमध्ये ढगफुटी झाली आणि शेकडो माणसं गेली. म्हणून तंबू ओढ्याच्या पात्रात लावायचा नाही, तिथं कितीही सपाट आणि वाळूची मऊ जागा दिसली तरी.

आता ती हकीकत.

आम्ही पाच जण होतो आणि आमचीही रजा दहाच दिवसांची होती. त्यातला एक जण यवतेश्वरचा घाट पळत चढणारा. अजिंक्यतारा तर तो दात घासायच्या आधी करून येतो असं आम्ही चेष्टेनं म्हणायचो. दिल्लीहून सकाळच्या विमानात बसलो आणि सव्वा तासात लेहला उतरलो. दोनशे मीटरवरून थेट सव्वातीन हजारावर. त्या दिवशी झोपून काढलं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना बरं वाटत होतं म्हणून टॅक्सी करून खारदुंग ला या पाच हजार मीटरच्या वरच्या खिंडीत फोटो काढून आलो. तिसऱ्या दिवशी चिलिंगहून चालायला सुरुवात. एवढ्यावरूनच जाणकार माणूस कपाळाला हात लावेल.

मारखा गावापर्यंत काही झालं नाही. हांकरला, म्हणजे चार हजार मीटरच्या आसपास, त्या घाट पळत चढणाऱ्याचं डोकं दुखायला लागलं. म्हणाला, "ऊन लागलंय." रात्री होमस्टेच्या स्वयंपाकघरात बसलो होतो, मागं फळीवर पितळेची भांडी ओळीनं मांडलेली, मधोमध शेणीवर पेटलेली चूल. ताईंनी वाढलेला थुक्पा त्यानं चमच्यानं नुसता ढवळला. घरी चार भाकरी सहज उडवणारा गडी. मला ते दिसलं होतं आणि तरी मी गप्प बसलो, कारण माझंही डोकं थोडं जड होतं आणि मलाही ते कुणाला सांगायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी निमालिंग, खिंडीखालचा कॅम्प. सुमारे ४८०० मीटर, म्हणजे एका दिवसात झोपायची जागा आठशे मीटरनं वर. तो नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या आधी पोचला. पाच वाजता मी त्याच्या तंबूशी गेलो तर गडी दारात बसून बुटाची नाडी बांधत होता. फास करायचा, तो सुटायचा, परत करायचा. तीनदा झालं. चौथ्यांदा हसायला लागला. मी त्याला म्हटलं, ऊठ, इथनं तिथपर्यंत टाचेला अंगठा लावून चालून दाखव. चौथ्या पावलाला तो डावीकडं कलला आणि मी धरला.

बाकीचे म्हणत होते सकाळी बघू, रात्रीत उतरेल. कॅम्पवरच्या लडाखी मावशींनी त्याच्याकडं एकदा पाहिलं आणि एवढंच म्हणाल्या, "नीचे. अभी." एक घोडेवाला सोबत दिला. मी आणि तो खाली निघालो. सकाळी घोट्याएवढा असलेला ओढा आता गुडघ्याच्या वर होता. दिवसभराच्या उन्हानं वरचं बर्फ वितळतं, त्यामुळे तिकडं संध्याकाळी पाणी चढतं. बॅटरीच्या उजेडात थाचुंगत्सेला आलो. सहाशे मीटर उतरलो असू. तिथं बसल्या बसल्या तो म्हणाला, "बिस्किटं आहेत का रे?" ते ऐकून मला जे वाटलं ते लिहिता येणार नाही. आम्ही दोघं आलो त्याच वाटेनं परत गेलो, लेहला त्याला डॉक्टरांना दाखवलं, बाकीचे तिघं खिंड ओलांडून आले.

त्या डॉक्टरांकडून आणि नंतर वाचून जे कळलं ते असं. वर हवेत प्राणवायूचं प्रमाण तेवढंच असतं, एकवीस टक्के. हवेचा दाबच कमी होतो. लेहला तो समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश, पाच हजाराच्या पुढं निम्म्याच्या आसपास. शरीर याला जुळवून घेतं, पण त्याच्या वेळेनं घेतं, आणि दमदार माणसाचं शरीर काही लवकर जुळवून घेत नाही. उलट दमदार माणूस भरभर चढतो आणि अडकतो. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक मुक्काम वाढवावा, असा नियम आहे. दिवसा उंच चढून रात्री खाली झोपलात तर चालतं. डोकं दुखतंय आणि सोबत मळमळ, भूक नाही, गरगरतंय, तर तिथंच थांबायचं. थांबूनही वाढलं तर उतरायचं. बसल्या जागी धाप लागणं, खोकल्याबरोबर फेस येणं, किंवा आमच्या गड्यासारखा तोल जाणं, यातलं काहीही दिसलं तर रात्र असो की पाऊस, खाली. पहिल्या दोनमध्ये फुप्फुसात पाणी साचलेलं असतं, तिसऱ्यात मेंदूला सूज. दोन्हीत माणूस एका रात्रीत जाऊ शकतो.

म्हणून तुमच्या दहा दिवसांना माझं उत्तर नाही असं आहे. तेरा-चौदा काढा. लेहमध्ये पूर्ण तीन रात्री, त्यातल्या पहिल्या दोन दिवसांत बाजार आणि शांती स्तूप एवढंच. खारदुंग ला परतीच्या वेळी. मग स्कियू, मारखा, हांकर, थाचुंगत्से, निमालिंग आणि खिंड उतरून शांग सुमदो. लोक हांकरवरून थेट निमालिंगला जातात, तिथंच आम्ही चुकलो. थाचुंगत्सेला मुक्काम केला की ती आठशेची उडी दोन भागांत होते. दोन दिवस हातचे राखा. चिलिंगच्या पुढं गाडीरस्ता खोऱ्यात आत सरकत चाललाय, त्यामुळे चालायला कुठून सुरुवात करायची ते लेहमध्ये विचारा. गाडीने वाचलेला दिवस मात्र वर खर्च करा, रजेत वळता करू नका.

रजा वाढत नसेल तर मारखा सोडा आणि लेहजवळ दोन-तीन दिवसांचं काहीतरी करा. वेळ जास्त असेल तर श्रीनगरहून रस्त्याने जा. कारगिलचा मुक्काम २७०० मीटरच्या आतबाहेर पडतो, तो शरीराला फार सोयीचा. जून २०२५ पासून कटऱ्याहून श्रीनगरपर्यंत रेल्वेही सुरू झालीय.

व्यायामाचं विचाराल तर तुम्हाला ते सांगायची गरज नाही. कराडकरांना आगाशिव आहे. आठवड्यातून चार दिवस पाठीवर आठ-दहा किलो घेऊन चढा आणि मुख्य म्हणजे उतरा, कारण कोंगमारू लाच्या पलीकडची उतरण गुडघ्यांची परीक्षा घेते. एक वेगळा सराव करा: हळू चालण्याचा. सोबतच्याशी पूर्ण वाक्य बोलता येईल इतक्या वेगानं. आपल्याकडं मागं राहणाऱ्याची चेष्टा होते, ती सवय कराडलाच ठेवून या. दुसऱ्या वेळी आम्ही नियम केला की सगळ्यात सावकाश चालणारा पुढं. पहिल्या दिवशी सगळे वैतागले, निमालिंगला एकाचंही डोकं दुखलं नाही.

तुमच्यातल्या बावन्न वर्षांच्या मित्रांना बीपीची गोळी चालू आहे असं लिहिलंय. त्यांनी डॉक्टरांना "ट्रेकला चाललोय" एवढंच न सांगता "५२०० मीटरवर चाललोय" असा आकडा सांगावा. उंचीच्या त्रासासाठीच्या डायमॉक्स गोळीबद्दल चौघांनीही त्याच वेळी विचारा. सहसा १२५ मिलिग्रॅमची मात्रा दिवसातून दोनदा, चढायच्या आदल्या दिवसापासून देतात, पण सल्फाची ॲलर्जी असणाऱ्यानं आधी सांगितलंच पाहिजे. ही गोळी शरीराला जुळवून घ्यायला मदत करते, चुकीचं वेळापत्रक दुरुस्त करत नाही. झोपेची गोळी आणि दारू दोन्ही नको. वर झोप तुटक लागतेच, त्याचं काही वाटून घेऊ नका.

सामानाची यादी देत बसत नाही, तुम्हाला माहीत आहे. दोनच गोष्टी. बूट नवे नकोत हे सगळे सांगतात, पण फार जुनेही नकोत. कपाटात चार वर्षं पडून राहिलेल्या बुटाचा तळ तिसऱ्या दिवशी जबड्यासारखा उघडतो. आमच्या एकानं तो नायलॉनच्या दोरीनं बांधून पुढचे दिवस काढले. आणि ओढे ओलांडायला पट्ट्यांच्या सॅन्डल वेगळ्या घ्या, शांग सुमदोकडं उतरताना एकच ओढा किती वेळा ओलांडावा लागतो ते मोजायचं आम्ही सोडून दिलं.

खाण्याचं मात्र नीट ऐका. वर भूक मरते आणि माणूस फक्त ओळखीची चव खातो. निमालिंगला पाणी ८४-८५ अंशालाच उकळतं, त्यामुळे कुकरशिवाय डाळ शिजत नाही आणि चहाही फिकाच लागतो. होमस्टेमध्ये पोट भरतं, खंबीर नावाची जाड रोटी सकाळी लोण्याबरोबर मस्त लागते, मिठाचा लोणी-चहा मला दुसऱ्या फेरीत आवडायला लागला. तरी सोबत मेतकूट, लसणाची चटणी, तासगावचे बेदाणे आणि शेंगदाण्याचे लाडू घ्या. साताऱ्याचे कंदी पेढे पहिल्या घरी काढलेत तर पुढच्या गावात तुमच्या आधी तुमची ख्याती पोचेल. भेटल्यावर "जुले" म्हणायचं, निरोप घेतानाही तेच.

गाईड घ्या. पैशांचा हिशेब करताना लोक पहिला तोच खर्च कापतात. मावशींनी त्या संध्याकाळी घोडेवाला दिला नसता तर तो ओढा मला अंधारात सापडला नसता. विमा काढताना किती उंचीपर्यंत लागू आहे ते वाचा, पुष्कळ पॉलिसींमध्ये मर्यादा बारीक अक्षरात असते.

निघायच्या आधी चौघांनी एकदा बसून ठरवा: कुणाला उतरावं लागलं तर सोबत कोण उतरणार. नाव घेऊन ठरवा. वर गेल्यावर हा विषय काढला की प्रत्येकाला आपल्या तिकिटाचे पैसे आठवतात, आम्हालाही आठवले होते.

आणि हो, आपलं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड लागतं. खोऱ्यात रेंजचा भरवसा नाहीच, पण लेहमध्ये तरी घरी बोलता येईल. कुणी सॅटेलाईट फोन किंवा तसलं संदेश पाठवायचं यंत्र नेऊ म्हणाला तर नको म्हणा, परवानगीशिवाय ते आपल्या देशात बाळगता येत नाही आणि विमानतळावरच अडकाल. सिम बदलायला दिवस जातात, त्यामुळे चौघांपैकी निदान दोघांनी ते याच महिन्यात करून घ्या.