दहिवडीला महाबळेश्वरचे पक्षी का नाहीत? आणि वाचकांचे बाकीचे प्रश्न

या महिन्यात पत्रं भरपूर आलीत आणि निम्म्याहून जास्त लोकांची तक्रार एकच, की अमुक पक्षी तिकडे दिसतो मग आमच्याकडे का नाही. म्हणून तेच आधी घेतो.

प्रश्न: मी दहिवडीचा. पावसाळ्याच्या तोंडावर महाबळेश्वरला गेलो होतो. पहाटेपासून माणसासारखी शीळ घालणारा एक काळानिळा पक्षी, डोक्यावर टोपी घातल्यासारखे बुलबुल, झाडातून सतत कुटुर्र कुटुर्र. घरी आलो तर आपला तोच बोडका माळ. एकाच सातारा जिल्ह्यात राहून आमच्याच नशिबी काही का नाही? (एक वाचक, ता. माण)

उत्तर: नशीब वगैरे काही नाही हो, सगळा पावसाचा खेळ आहे. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि तुमच्या माणमध्ये पाचशे पडला तरी लोक म्हणतात यंदा बरं झालं. ढग समुद्रावरून येतात, सह्याद्रीला अडतात, तिथेच रिकामे होतात आणि तुम्ही पलीकडे पर्जन्यछायेत. पाऊस बदलला की झाडं बदलतात, मग फळं, किडे, घरट्याच्या जागा सगळंच बदलतं आणि पक्षी त्यानुसार राहतात. तुम्हाला भेटलेला तो शीळवाला म्हणजे मलबारी शीळकरी कस्तूर. त्याला वाहता ओढा लागतो, ओले खडक लागतात, दाट सावली लागते, खेकडे-गोगलगाई-किडे खायला लागतात, तो दहिवडीला येऊन करणार काय?

गंमत अशी की बऱ्याचदा पक्षी नाहीसा होत नाही, त्याच्या जागी त्याचा भाऊबंद येतो. तो कुटुर्र करणारा पांढऱ्या गालाचा तांबट, सह्याद्रीच्या ओल्या पट्ट्यातला. विदर्भातल्या पानगळीच्या जंगलात जा, जवळपास तसाच आवाज येईल पण तो तपकिरी डोक्याचा तांबट असेल. बुलबुलांचं पण तेच, घाटात टोपीवाला शिपाई बुलबुल जास्त आणि तुमच्याकडे लालबुड्या.

आणि आता तुमच्या "बोडक्या" माळाबद्दल, कारण हा शब्द वाचून जरा रागच आला. महाबळेश्वरच्या जंगलात एक तरी पखुर्डी दाखवा मला! पखुर्डीचा नर पाणवठ्यावर पोटाची पिसं भिजवून घेतो आणि तसाच उडत पिल्लांकडे जातो, पिल्लं ती पिसं चोखून पाणी पितात. धाविक हा पक्षी चार पावलं तुरुतुरु पळतो, ताठ उभा राहतो, परत पळतो, आणि अंडी थेट उघड्या जमिनीवर घालतो. पिवळ्या गाठीची माळटिटवी आहे, हिवाळ्यात गवतावरून खालून खालून तरंगत जाणारे भोवत्या हे शिकारी पक्षी आहेत. आणि डोंबारी चंडोल बघाच, चिमणीएवढाच, नराचं पोट काळं, पाठ मातकट. सरळ वर चढतो, पंख मिटून दगडासारखा खाली येतो, आता आपटणार असं वाटतं तेवढ्यात परत वर, आणि सोबत लांबलचक शीळ. हे सगळं फुकट, गावाच्या वेशीबाहेर. पण माळ म्हणजे सरकारी कागदावर "पडीक", त्यामुळे कुणीतरी हौसेनं तिथे झाडं लावायला येतं आणि फोटो काढून जातं, आणि धाविकाला अंडी घालायला जागा उरत नाही. तुमच्याकडे असा कार्यक्रम ठरला तर झाडं रस्त्याकडेला, ओढ्याकाठी लावा म्हणावं, माळ माळ म्हणून राहू द्या.

प्रश्न: मोबाईलवर आवाजावरून पक्षी ओळखणारं मर्लिन ॲप घेतलंय. काल घरामागच्या रायवळ आंब्याखाली रेकॉर्डिंग केलं तर दोन-तीन मिनिटांत शिक्रा, सर्पगरुड, हळद्या अशी यादीच आली. वर बघितलं तर एकच काळा पक्षी, शेपटीला दोन लांब दोऱ्या. ॲप बिघडलंय का? (एक वाचक, सावंतवाडी)

उत्तर: ॲप ठीक आहे, त्याला फसवलं गेलंय. तो भृंगराज, आपल्याकडचा एक नंबर नकलाकार. शिक्र्याचा आवाज काढतो, मांजराचा काढतो, आणि दुसऱ्या पक्ष्यांच्या धोक्याच्या हाका तर हुबेहूब. जंगलात वेगवेगळे पक्षी घोळक्याने किडे शोधत फिरतात तेव्हा हा त्यांच्यासोबत असतो आणि या नकलांचा त्याला तिथे चांगलाच उपयोग होतो. हरेवाही हा हिरवा पक्षीही नकलेत कमी नाही. इकडे देशावर साधा कोतवाल पक्षी तारेवर बसून शिक्र्याची नक्कल करतो, तेव्हा हे फक्त कोकणातच होतं असं नाही. ॲपने नाव सुचवलं की आधी पक्षी डोळ्यांनी बघायचा आणि मग ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद टाकायची. उलटं करणारे लोक वाढलेत आणि नोंदी तपासणाऱ्यांच्या डोक्याला ताप झालाय.

प्रश्न: आमच्याकडं ज्वारी हुरड्यात आली की भोरड्यांची धाड पडते. पोरगा म्हणतो हे परदेशी पाहुणे आहेत, त्यांना हाकलू नका. आता काय करावं? (एक शेतकरी वाचक, बार्शी)

उत्तर: पोरगं अर्धं खरं बोलतंय. भोरडी, म्हणजे पळसमैना, गुलाबी अंगाची आणि काळ्या डोक्या-पंखांची, तिची वीण मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशात होते, कझाकस्तानच्या बाजूला. पण तिकडे ती राहते किती? मे-जूनमध्ये घाईघाईने दगडांच्या सांदीत घरटी, पिल्लं, की लगेच परत. ऑगस्टपर्यंत पहिले थवे आपल्याकडे हजर आणि मुक्काम थेट एप्रिलपर्यंत. वर्षातले आठ-नऊ महिने जी इथे काढते तिला पाहुणी तरी कसं म्हणायचं.

तिकडे ती मुख्यतः टोळ आणि नाकतोड्यांवर जगते, इतकी की चीनच्या शिनजियांगमध्ये टोळ कमी व्हावेत म्हणून तिच्यासाठी मुद्दाम दगडांचे ढीग रचून घरट्यांची सोय करतात. तुमच्या रानातही ती अळ्या आणि नाकतोडे खातेच, फक्त ते दिसत नाही आणि कणसं खाल्लेली दिसतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस, पांगारा, काटेसावर फुलली की सगळा थवा मधाच्या मागे, तेव्हा त्यांची तोंडं परागाने पिवळी झालेली असतात.

आता हाकलायचं का? खुशाल हाकला. माळा, गोफण, डबे, चमकणाऱ्या पट्ट्या यानं पक्ष्याचं काही बिघडत नाही, थवा पुढच्या शिवारात जातो. जाळं लावून मारणं किंवा विषारी दाणे टाकणं मात्र नको, तो गुन्हा आहे आणि त्या दाण्यांनी मोर-तितरही मरतात. एक जुनी गोष्ट अजून कामाला येते, शिवारातल्या सगळ्यांनी पेरणी एकाच सुमाराला केली तर नुकसान सगळ्यांत वाटलं जातं. पूर्वी मैलोनमैल ज्वारी असायची तेव्हा भोरड्यांनी खाल्लेलं जाणवायचं नाही, आता आजूबाजूला ऊस आणि मध्ये तुमची दोन एकर ज्वारी, मग सगळ्या भोरड्या तुमच्याकडेच जेवायला.

प्रश्न: बाल्कनीतल्या कुंडीत बुलबुलनं घरटं केलंय. रोज फोटो काढून ग्रुपवर टाकते, चालेल ना? (एक वाचक, पुणे)

उत्तर: नाही. दिवसातून चार वेळा मोबाईल घेऊन जवळ गेलात की बुलबुल उठून जातो आणि कावळा लांबून बघत असतोच. अंड्यांपासून पिल्लं उडेपर्यंत जेमतेम महिनाभराचा मामला आहे. तोवर पडदा लावा, कुंडीला पाणी घालायचं तर संध्याकाळी आई-बाप जवळ नसताना पटकन, आणि फोटो खिडकीच्या आतून.

प्रश्न: आम्ही मेलबर्नला राहतो. इथे बागेत आपली साळुंकी दिसली, पोरांना कौतुकाने सांगायला गेले "ही आपल्या गावची", तर शेजारीण म्हणाली हा उपद्रवी पक्षी आहे, आम्ही पिंजरे लावून पकडतो. मला फार वाईट वाटलं. खरं आहे का हे? (एक वाचक, ऑस्ट्रेलिया)

उत्तर: खरं आहे, पण त्यात साळुंकीचा काय दोष. १८६० च्या दशकात मेलबर्नच्या भाजीच्या मळ्यांतले किडे खायला म्हणून माणसांनीच तिला तिथे नेऊन सोडलं, पुढे क्वीन्सलँडच्या उसातही नेलं. ती म्हणजे चार खरकटी शितं मिळाली की संसार थाटणारी. तिथल्या पोपटांना घरट्यासाठी झाडाच्या ढोल्या लागतात आणि ढोली तयार व्हायला झाड जुनं व्हावं लागतं. साळुंकी त्या ढोल्या बळकावते. आपल्याकडे ढोलीसाठी पोपट, पिंगळा, तांबट, साळुंकी सगळेच पिढ्यान्‌पिढ्या भांडत आलेत, तिथल्यांना या भांडणाची सवय नाही. जगातल्या सगळ्यात त्रासदायक शंभर आक्रमक जातींच्या यादीत तिचं नाव आहे.

एक तपासा मात्र. तिथे नॉइझी मायनर म्हणून राखाडी अंगाचा, डोळ्यामागे पिवळा डाग असलेला पक्षी असतो, तो मूळ ऑस्ट्रेलियाचाच आणि त्याला पकडायला बंदी आहे. आपली साळुंकी तपकिरी, उडाली की पंखात पांढरा पट्टा चमकतो. शेजारणीच्या पिंजऱ्यात नक्की कोण आहे ते एकदा बघून घ्या.

प्रश्न: रानपिंगळा, ते दुर्मिळ छोटं घुबड, बघायचाच आहे. मेळघाटला कधी जाऊ? नेमकी जागा सांगाल का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर: नेमकी जागा नाही सांगणार, राग मानू नका. या पक्ष्याने आधीच खूप सोसलंय. १८७३ मध्ये त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन झालं, १८८४ नंतर कुणाला सापडेना. मध्ये रिचर्ड माइनर्ट्झहागेन नावाच्या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने १९१४ ला गुजरातेत एक मिळवल्याचं सांगितलं, लोक तिथे शोधत बसले. नंतर कळलं की तो नमुना संग्रहालयातून चोरलेला होता आणि त्याला नवी चिठ्ठी लावलेली. ही लबाडी उघडी पाडणाऱ्या पक्षीशास्त्रज्ञ पॅमेला रासमुसेन आणि त्यांचे सहकारी खऱ्या जुन्या नोंदी धरून निघाले आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात, भरदिवसा फांदीवर बसलेला रानपिंगळा त्यांना दिसला. एकशे तेरा वर्षांनी!

नेहमीच्या पिंगळ्याच्या डोक्यावर ठिपक्यांची पखरण असते, रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ कोरं, छातीवर गडद पट्टे, खाली पोट पांढरं, पाय दणकट. दिवसा शिकार करतो, त्यामुळे रात्री टॉर्च मारत फिरायची गरजच नाही. मेळघाटला जायचं तर झाडांची पानं गळलेली असताना, स्थानिक गाईड घेऊन. आणि ठाण्याहून एवढं लांब जायच्या आधी तानसा अभयारण्याची चौकशी करा, तिथेही तो सापडलाय. मोबाईलवर आवाज वाजवून बोलावू नका, दुसरा नर हद्दीत घुसला असं समजून बिचारा शिकार सोडून भांडायला येतो.

प्रश्न: पहिली दुर्बीण कुठली घेऊ? चष्मा आहे. (एक वाचक, चंद्रपूर)

उत्तर: ८x४२ घ्या. आठ पट मोठं दिसतं आणि पुढची काच ४२ मिलिमीटरची, त्यामुळे ताडोबाच्या बफरमधल्या पहाटेच्या अंधुक उजेडातही चित्र स्वच्छ. दहा पटीच्या मोहात पडू नका, हात हलला की चित्र जास्त हलतं आणि फांद्यांतला पक्षी शोधेपर्यंत उडून जातो. "शंभर पट झूम" लिहिलेल्या ऑनलाइन स्वस्त दुर्बिणी तर अजिबात नको. डोळ्याकडचे रबरी कप चष्मेवाल्यांनी खाली वळवून ठेवायचे असतात. दुकानात चष्मा घालूनच बघा, कडेला काळी चंद्रकोर दिसली तर दुसरी मागा.