नोट्सचा फोटो नको, मजकूर द्या

बारावीच्या अर्थशास्त्राच्या मराठी नोट्स तुम्ही पीडीएफ करून ग्रुपवर टाकता आणि वर्गातल्या अंध विद्यार्थ्याला त्या स्वतः वाचता याव्यात म्हणून काय करावं, असं विचारलंय.

मी स्वतः जन्मतः अंध आहे, आणि बी.ए.ला माझाही विषय अर्थशास्त्रच होता. आमच्या नोट्स म्हणजे वहीच्या पानांचे फोटो जोडलेली पीडीएफ. स्क्रीन रीडरला, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला, त्यात एक अक्षर सापडायचं नाही. मैत्रीण रात्री मोबाइलवर वाचून रेकॉर्ड करायची, तेव्हा कुठे माझा अभ्यास सुरू व्हायचा.

आधी एवढं तपासा: पीडीएफमधला एखादा परिच्छेद कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा. मजकूर निवडताच आला नाही तर ते नुसतं चित्र आहे. इंग्रजी अक्षरं नि चिन्हं उमटली तर टायपिंग श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमधलं आहे. तुम्हाला तिथे 'मागणी' दिसते, आम्हाला मात्र असंबद्ध अक्षरं ऐकू येतात. टायपिंग युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही फोन-संगणकाला ओळखता येणाऱ्या प्रमाण अक्षरपद्धतीतच करा. युनिकोडच्या पीडीएफमध्येही कधीकधी वेलांट्या आणि रफार जागचे हलतात, म्हणून सोबत मूळ वर्ड फाइल द्याच, हे माझं अगदी आग्रहाचं सांगणं आहे. छापील पानांचं स्कॅन गूगल ड्राइव्हमध्ये डॉक्स म्हणून उघडलं की मराठी मजकूर मिळतो. फक्त त्यातले आकडे मुळाशी ताडून पाहा.

शीर्षकं नुसती ठळक करू नका, वर्डची हेडिंग स्टाइल लावा. एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर वापरणारा मग एच दाबत थेट हव्या त्या मुद्द्यावर पोचतो, नाहीतर चाळीस पानं पहिल्यापासून ऐकत बसावं लागतं.

आकृतीखाली 'मागणी वक्र' एवढंच लिहून काहीच कळत नाही. 'आडव्या अक्षावर मागणीचे नग, उभ्या अक्षावर किंमत. वक्र डावीकडून उजवीकडे खाली उतरतो' असं लिहा. व्हिडिओतही 'हे इथून इकडे आलं' म्हणण्याऐवजी काय कुठून कुठे आलं ते बोला.

पुस्तकातला उतारा टाइप करून द्यायलाही कचरू नका. २०१२च्या दुरुस्तीपासून कॉपीराइट कायद्यात अपंग व्यक्तींना वाचता येईल अशी प्रत करायला मुभा आहे.

पहिली फाइल तयार झाली की त्या विद्यार्थ्याच्या शेजारी बसून ती त्याच्याच मोबाइलवर ऐका. कुठे अडतंय ते तो लगेच दाखवेल.